पडायलाही जागा हवी

आमच्या घरी सूर्यास्ताआधी जेवणं उरकतात. त्यामुळे हिवाळ्यात रात्र फार मोठी होते. सहा-साडेसहापासून झोपेपर्यंतचा वेळ कशानं भरायचा, हा प्रश्न मला लग्न होऊन बालाघाटला आल्यापासून पडत आलाय. आधी तो पुस्तकांनी भरला, मग मुलांच्या अभ्यासानं, मग टीव्हीवरच्या मालिकांनी. गेल्या हिवाळ्यात तो फुटबॉलनं भरला. हसू नका. मला अजूनही ऑफसाइड कळत नाही.

झालं असं, की 2024 च्या डिसेंबरअखेर सी.ए.च्या अंतिम परीक्षेचा निकाल लागला आणि धाकटा तिसऱ्यांदा राहिला. नागपूरची खोली सोडून, गादी आणि पुस्तकांची दोन खोकी घेऊन तो घरी आला. आमचे हे त्याला काही बोलले नाहीत, हीच मोठी शिक्षा होती. मंडळातल्या बायकांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "प्रकृती जरा बरी नव्हती, म्हणून बोलावून घेतलं." त्यावर एक जण हळहळून म्हणाली, "चांगला होता हो तुमचा मुलगा." त्या 'होता'वर मी घरी येईपर्यंत अडखळत होते. मुलगा जिवंत, चोवीस वर्षांचा, खोलीत झोपलेला, आणि त्याच्याबद्दल भूतकाळ.

रात्री तो लॅपटॉपवर काहीतरी बघत बसायचा. त्याला एकटं सोडायचं नाही म्हणून मी स्वेटर विणायला घेऊन शेजारी बसू लागले. तो बघत होता 'संडरलँड टिल आय डाय' ही इंग्रजी माहितीपट-मालिका. तीन पर्वं आहेत : पहिल्याचे आठ भाग, दुसऱ्याचे सहा, तिसऱ्याचे तीन. मी सगळी बघितली, काही भाग दोनदा. कथा-कादंबऱ्यांवर लिहिते तसंच या मालिकेवर लिहावं असं वाटलं, कारण तिच्यात कादंबरीचा ऐवज आहे. तिचे दोषही कादंबरीचेच आहेत.

आधी नियम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. इंग्लंडमध्ये फुटबॉल संघांची एक लांब शिडी आहे. वरच्या चार पायऱ्यांवर मिळून 92 संघ : सर्वांत वर प्रीमियर लीगचे 20, त्याखाली तीन पायऱ्यांवर प्रत्येकी 24. मोसम संपला की तळाचे संघ एक पायरी खाली जातात आणि खालच्या पायरीवरचे उत्तम संघ वर येतात. खाली जाण्याला रेलिगेशन म्हणतात, वर येण्याला प्रमोशन. किती पैसा आहे, नाव किती जुनं आहे, कोणी विचारत नाही. गुण मोजतात. चौथ्या पायरीच्या खालीही शिडी संपत नाही, ती गावागावांच्या मैदानांपर्यंत जाते.

संडरलँड हे ईशान्य इंग्लंडमधलं बंदराचं गाव. एकेकाळी तिथं जहाजं बांधत आणि कोळसा काढत. शेवटची गोदी 1988 मध्ये बंद पडली, वेअरमाउथची कोळशाची खाण 1993 मध्ये. त्याच खाणीच्या जागेवर 1997 मध्ये क्लबचं आजचं मैदान उभं राहिलं आणि बाहेर खाणकामगाराच्या दिव्याची मोठी प्रतिकृती ठेवली. हे बघताना मला आमची भरवेली आठवली. बालाघाटपासून जवळच मँगनीजची खाण आहे, जमिनीत खोल उतरणारी. पाळी लागली की माणसं लिफ्टच्या पिंजऱ्यातून खाली जातात आणि पाळी संपली की वर येतात. भरवेलीला खाली जाण्याची कोणाला लाज वाटत नाही. ते कामच असतं.

2017 मध्ये संडरलँड प्रीमियर लीगमधून तळाला राहून खाली घसरला. मालिका काढणारे स्वतः त्याच संघाचे चाहते. संघ लगेच वर चढेल आणि आपण ते चढणं टिपू, असा त्यांचा बेत होता. घडलं उलटंच. 2017-18 च्या मोसमात संघ पुन्हा तळाला राहिला आणि दुसऱ्या पायरीवरून तिसऱ्या पायरीवर गेला. पहिलं पर्व ही त्या दुहेरी घसरणीची गोष्ट आहे. म्हणूनच ते तिन्ही पर्वांत उत्तम आहे. काय घडणार हे लेखकाच्या हातात नव्हतं, त्याला फक्त बघत राहायचं होतं.

पहिलंच दृश्य चर्चमधलं आहे. पाद्री संघासाठी प्रार्थना करतो आणि समोर बसलेली म्हातारी माणसं डोळे मिटून ऐकतात. आपल्याकडे दुकान चालावं, मुलगा पास व्हावा म्हणून आपण काय काय करतो, ते आठवून मी आधी हसले आणि मग गप्प झाले. पुढे एक टॅक्सीवाला येतो, पिढीजात चाहता. आणि येतात क्लबच्या स्वयंपाकघरातल्या बाई. खेळाडूंना जेवू घालणाऱ्या, त्यांच्यावर आईसारखी माया करणाऱ्या, मॅच हरली की खरोखर हिरमुसणाऱ्या. लाखो पौंडांच्या उलाढालीत मला पहिल्यांदा ओळखीचं माणूस भेटलं ते भांड्यांजवळ. संघ घसरला की पहिली कुऱ्हाड अशाच माणसांच्या नोकरीवर पडणार, हे त्यांना ठाऊक असतं. तरी त्या ताट वाढत राहतात.

आणखी एक दृश्य. दुखापतींनी हैराण झालेला एक खेळाडू मानसतज्ज्ञापुढे बसून मनातली भीती बोलून दाखवतो. तिथं धाकट्यानं चित्र थांबवलं. बराच वेळ पडद्यावर तोच चेहरा होता. मग तो म्हणाला, "आई, तू लोकांना सांगितलंस की मी आजारी आहे. नापास झालोय एवढं सांगितलं असतंस तरी चाललं असतं मला." माझ्या हातातली सुई थांबली. मला उत्तर सुचलं नाही. त्यानं पुन्हा चालू केलं आणि आम्ही पुढचं बघितलं.

आता दोष.

पहिला दोष हा, की मालिकेला गुन्हेगार लागतो. पहिल्या पर्वात तो मिळतो जॅक रॉडवेलच्या रूपानं. आठवड्याला 70,000 पौंड पगार, खेळ जवळजवळ नाही, आणि करार सोडायला तयार नाही. प्रेक्षकाचा राग आपसूक त्याच्याकडे वळतो. पण संघ घसरला तर पगार कमी होईल, अशी अट करारात न घालणारं कोण होतं? क्लबचेच लोक. मालिका हे सांगते, नाही असं नाही. पण सांगताना आवाज हळू करते. भावकीत वाटण्या होतात तेव्हा असंच होतं. चुका दहा जणांच्या असतात आणि बोट दाखवलं जातं एकावर, कारण दहा जणांवर रागावणं फार कष्टाचं असतं.

दुसरा दोष स्वयंपाकघराचा. पहिल्या पर्वात ज्या बाईंनी आपल्याला धरून ठेवलं, त्यांच्याकडे दुसऱ्या पर्वाचं लक्ष उरत नाही. क्लबला नवे मालक येतात आणि कॅमेरा त्यांच्या मागे धावतो : त्यांच्या बैठका, त्यांचे विनोद, प्रेक्षक वाढवण्याच्या त्यांच्या कल्पना. ही माणसं रंगतदार आहेत, मान्य. पण घसरणीची किंमत मोजणारी माणसं ती नव्हेत. घरावर वाईट दिवस आले की बैठकीच्या खोलीत चर्चा होतात, आणि डाळ कमी कुठे घालायची हे आत ठरतं. आतलं दार बंद केलं की अर्धी गोष्ट बाहेरच राहते.

तरी दुसऱ्या पर्वातली एक गोष्ट मी विसरणार नाही. संघ आता तिसऱ्या पायरीवर. 2018 च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी सामना होता आणि मैदानात 46,000 हून अधिक माणसं आली. त्या पायरीवरच्या लीगसाठी तो विक्रम होता. हिशेब केला तर आमच्या बालाघाट शहराची निम्मी वस्ती एका मैदानात, आणि तीही संघ वर असताना नाही, तर खाली असताना. त्या मोसमात अखेरचा सामनाही संडरलँड हरला. चार्ल्टननं भरपाईच्या वेळेत गोल केला आणि वर जाण्याची संधी हुकली. माणसं रडली. आणि पुढच्या मोसमाला परत आली.

तिसरा दोष तिसऱ्या पर्वाचा. तिथं 2022 मध्ये वायकंबला 2-0 हरवून संघ एकदाचा एक पायरी वर चढतो. तीन भागांत सगळं आटोपतं. मधली वर्षं, जेव्हा काही घडत नव्हतं, ती भराभर उलटली आहेत. पण पडलेल्या माणसाची खरी वर्षं तीच असतात. पडण्याचा दिवस सगळ्यांना आठवतो, चढण्याचाही आठवतो. मधला सोमवार, मंगळवार कोणी चित्रित करत नाही.

हे सगळं मी धाकट्याला बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, "आई, इंग्लंडचं काय बघतेस? डेम्पोचं बघ." आणि मग त्यानं गोव्याची गोष्ट सांगितली, आणि पुढे मी ती वाचून काढली. तीवर कोणी मालिका केलेली नाही.

डेम्पो हा गोव्याचा क्लब. 2004-05 आणि 2006-07 मध्ये त्यानं नॅशनल फुटबॉल लीग जिंकली. तिची आय-लीग झाल्यावर 2007-08, 2009-10 आणि 2011-12 मध्ये पुन्हा. पाच विजेतेपदं, आणि पाचही वेळी प्रशिक्षक एकच : आर्मांदो कुलासो. आणखी एक गंमत बघा. 2007-08 ते 2012-13 या सहा मोसमांत आय-लीगचं विजेतेपद गोव्याबाहेर गेलंच नाही. तीन वेळा डेम्पो, दोनदा चर्चिल ब्रदर्स, एकदा साळगावकर. एवढ्याशा गोव्यानं अख्ख्या देशाला सहा वर्षं मागे ठेवलं.

मग 2014 मध्ये इंडियन सुपर लीग आली. आठ शहरांचे आठ नवे संघ, सिनेमातले आणि क्रिकेटमधले मोठे लोक, टीव्हीवर रोषणाई. त्या लीगमध्ये पैसा भरून प्रवेश होता. खालून चढून येण्याची वाट नव्हती आणि वरून पडण्याची भीती नव्हती. इकडे जुनी आय-लीग चालू होती आणि तिच्यात शिडी होती. 2014-15 च्या मोसमात डेम्पो घसरला. पाच वेळचा विजेता दुसऱ्या श्रेणीत गेला.

आता हे ऐका. डेम्पोनं दुकान बंद केलं नाही. तो दुसऱ्या श्रेणीत खेळला आणि 2015-16 मध्ये ती श्रेणी जिंकून एका वर्षात परत वर आला. संडरलँडला जे जमायला आठ वर्षं लागली ते यांनी एका वर्षात केलं. पण त्याच 2016 मध्ये फुटबॉल महासंघानं नवी मांडणी पुढे केली : सर्वांत वर सुपर लीग राहील, आय-लीग तिच्याखाली जाईल, आणि खालून वर जायला दार नसेल. म्हणजे डेम्पो ज्या माळ्यावर परत चढला होता तो माळाच खालचा मजला झाला, आणि वरचा जिना काढून घेतला. साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि डेम्पो, तिघांनीही त्या वर्षी आय-लीगमधून माघार घेतली.

समीक्षा करायची तर दुसरी बाजूही बघायला हवी. अनेकान्त आपण व्याख्यानात ऐकतो, तो इथं वापरू. बंद लीगच्या बाजूनंही म्हणणं आहे. कोट्यवधी रुपये घालणाऱ्याला उद्या आपण खाली फेकले जाऊ अशी टांगती तलवार नको असते. सुरुवातीला थोडा आधार दिल्याशिवाय रोप धरत नाही. सुपर लीगनं मैदानं भरली, हेही खरं. आणि यात सरळ सज्जन-दुर्जन अशी विभागणीही नाही : एफसी गोवा या सुपर लीगमधल्या संघाच्या पहिल्या मालकांमध्ये डेम्पो आणि साळगावकर घराण्यांतली माणसं होतीच. खाणमालक घराणी ती. जुना क्लबही त्यांचा, नव्या संघातला वाटाही त्यांचा.

पण रोपाला घातलेलं कुंपण झाड झाल्यावर काढायचं असतं. 2019 मध्ये आशियाई महासंघाच्या मध्यस्थीनं आराखडा ठरला : आधी आय-लीगचा विजेता वर जाईल, आणि 2024-25 पासून वरून खाली उतरणंही सुरू होईल. पहिला भाग घडला. 2023 मध्ये पंजाब एफसी वर गेला, 2024 मध्ये कोलकात्याचा जुना मोहमेडन स्पोर्टिंग. दुसरा भाग घडला नाही. 2024-25 च्या मोसमात तोच मोहमेडन सुपर लीगमध्ये शेवटचा आला आणि आहे तिथंच राहिला. एवढा जुना क्लब वाचला याचं मला बरं वाटलं. मग वाटलं, कशापासून वाचला? खाली काय आहे, जे इतकं भयंकर आहे?

इथंच माझं मत पक्कं झालं. पडणं भयंकर असतं ते खाली काहीच नसतं म्हणून. मुंबई एफसी 2016-17 मध्ये आय-लीगच्या तळाला राहिला आणि बंदच पडला. पडला आणि संपला. संडरलँड दोनदा पडला, पण पुढच्या शनिवारी सामना होता, तिकिटं होती, स्वयंपाकघरात चूल पेटलेली होती. खाली एक जागा होती, तिला नाव होतं, वेळापत्रक होतं, तिथंही जिंकता येत होतं. चढण्याची शिडी सगळेच मागतात. पडणाऱ्याला पाय टेकवता येईल अशी पायरी ज्या व्यवस्थेत नाही, तिथं वरचे लोक घाबरून कुंपण घालणारच आणि खालचे लोक कंटाळून निघून जाणारच.

पाठशाळेत आपण चौदा गुणस्थानं पाठ केली आहेत. त्यांतलं दुसरं, सासादन, आठवतंय? चढणाऱ्याला ते लागतच नाही. पहिल्यातून वर निघालेला जीव त्याला ओलांडून जातो. ते फक्त पडणाऱ्यासाठी आहे : सम्यक्त्वाच्या शिखरावरून सुटलेला, पण अजून जमिनीला न टेकलेला, असा जीव तिथं क्षणभर असतो. लहानपणी मला ते स्थान उगीच केल्यासारखं वाटायचं. जिथं थांबायचंच नाही त्याला नाव कशाला? आता वाटतं, नाव आहे हेच मोठं आहे. आपल्या पूर्वजांनी चढण्याच्या मोजपट्टीत पडणाऱ्याचीही नोंद ठेवली, त्याला मोजणीतून काढलं नाही. आणि ज्यानं एकदा ते शिखर बघितलं तो कितीही घसरला तरी कधीतरी परत चढणार, असंही सांगून ठेवलं. फुटबॉलला मोक्ष नसतो, एवढा फरक सोडून देऊ.

आपण मात्र घरात, समाजात सुपर लीग चालवतो, मैत्रिणींनो. बायोडाटात पास झालेली वर्षं लिहितो, राहिलेली गाळतो. दिवाळं निघालेल्या दुकानदाराला पंगतीत कोपऱ्यात बसवतो. माहेरी परत आलेल्या मुलीला "थोडे दिवस आलीय" असं नाव देतो. मी स्वतः नापास झालेल्या मुलाला आजारी केलं. पडलेल्याला आपण जागाच देत नाही, म्हणून तो लपतो, आणि तो लपला म्हणून आपल्याला वाटतं की आपल्यात कोणी पडतच नाही.

डेम्पो गोव्याच्या स्थानिक लीगमध्ये खेळत राहिला. मधली ती वर्षं कोणी चित्रित केली नाहीत. 2023-24 मध्ये तो आय-लीगच्या खालच्या श्रेणीतून पुन्हा बढती मिळवून 2024-25 ला आय-लीगमध्ये परतला. वरचा मजला अजून लांब आहे.

आणि संडरलँड? 24 मे 2025 ला संध्याकाळी साडेसातला सामना होता. आम्ही दोघं मोबाइल मधे ठेवून बसलो. शेफील्ड युनायटेडशी 1-1 बरोबरी, आणि भरपाईच्या वेळेत टॉम वॉटसन या एकोणीस वर्षांच्या पोरानं गोल मारला. आठ वर्षांनी संघ वर. धाकटा ओरडला, आमचे हे दचकून आतून आले. "काय झालं?" "काही नाही बाबा, संडरलँड पास झाला." हे दोन क्षण उभे राहिले, मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "कितव्यांदा?"

धाकटा सध्या इथल्या एका राइस मिलचे हिशेब बघतो. पुन्हा परीक्षेला बसायचं की नाही हे अजून ठरवलेलं नाही. गेल्या महिन्यात मंडळात पुन्हा विषय निघाला. मी म्हटलं, "तीनदा राहिला हो. घरीच आहे. कामाला जातो." दोघी-तिघी गप्प झाल्या. मग जिनं 'चांगला होता' म्हटलं होतं तीच माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आमचापण राहिलाय. कोणाला सांगितलं नाही अजून." मी तिला म्हटलं, संध्याकाळी जेवणं झाली की ये त्याला घेऊन. वेळ जात नाही हिवाळ्यात.